खिडकीवरचं काळं कुणाचं?

मागच्या अंकात हिवाळ्याच्या सकाळी मांडवीवर लोंबणाऱ्या धुराच्या पट्ट्याबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. प्रयोगशाळेत २६ वर्षं हवेचे फिल्टर लावायचं, काढायचं आणि तोलायचं काम केलं, हेही ओघात सांगितलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली पाच इथे घेते.

प्रश्न : ताई, आम्ही वास्कोत तिसऱ्या मजल्यावर राहतो. सकाळी खिडकीची पट्टी पुसली की संध्याकाळी फडकं पुन्हा काळं होतं. वाळत घातलेल्या चादरींचीही तीच गत. कुणी म्हणतं बंदरातला कोळसा, कुणी म्हणतं ट्रकांचा धूर. हे घरच्या घरी ओळखता येईल का?
— एक गृहिणी, वास्को

उत्तर : बरंचसं येईल. त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. कोळशाची धूळ आणि काजळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रंग एक असला तरी जन्म वेगळा.

माझी आजी काजळ धरायची. एरंडेलाचा दिवा, त्यावर तुपाचा हात फिरवलेली पितळेची ताटली उपडी घातलेली. ज्योतीत तेलाची वाफ होते, पण तिला पुरती हवा मिळाली नाही की न जळलेला कार्बन इवल्या गोळ्यांच्या माळा बनून वर येतो आणि ताटलीला चिकटतो. डिझेलच्या इंजिनात, ओल्या लाकडाच्या चुलीत, जळत्या कचऱ्यात हेच घडतं. यातली एकेक गोळी २० ते ५० नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारावा भागसुद्धा नाही. कोळशाची धूळ मात्र जळलेली नसते. तो दगडाचा चुरा. ढिगातून, वाघिणीतून, माल वाहणाऱ्या पट्ट्यावरून उडालेला.

आता पांढरी बशी घ्या आणि पट्टीवरचं काळं कोरड्या कापसाने तिच्यावर झटका. बोटाने चोळा. कोळसा असेल तर किरकिर लागते आणि उन्हात धरलं की बारीक चमक दिसते. काजळी चोळली की काजळासारखी पसरते, कणी लागत नाही, आणि नुसत्या पाण्याने बोट साफ होत नाही, साबण लागतो. बशीत पाण्याचे चार थेंब टाका. काही भाग विरघळला आणि पाणी वाळल्यावर कडेला पांढरी रेघ उमटली तर ते समुद्राचं मीठ. मग कागदाखालून लोहचुंबक फिरवा. कण हलले तर ते लोखंडाचे, बहुधा रेल्वेची चाकं, ब्रेक किंवा गंज यांचे. आपल्याकडचं खनिज म्हणून मात्र ते मोजू नका. गोव्याचं खनिज मुख्यतः हेमॅटाइट, साध्या चुंबकाला ते दाद देत नाही. ते ओळखायचं लाल रंगावरून. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली कोळशाचे तुकडे काचेसारखे कोनदार दिसतात. काजळीचा एकेक कण त्यात दिसणारच नाही, नुसता डाग दिसेल.

आंब्याच्या पानांवर किंवा ओलसर भिंतीवर काळं दिसलं तर जरा थांबा. आंब्यावरची ‘काजळी’ ही बुरशी असते, तुडतुड्यांच्या गोड चिकट स्रावावर वाढलेली. नखाने पापुद्र्यासारखी सुटते. ती पाहून हवेबद्दल तक्रार लिहिणारे लोक मला भेटले आहेत.

ओळख पटली की वेळ बघा. दोन बशांना पातळ ग्लिसरीन लावा. एक सकाळी ११ ते संध्याकाळी ६ बाहेर ठेवा, दुसरी रात्री ९ ते पहाटे ६. बशा रोज धुऊन, पुसून, नव्याने ग्लिसरीन लावून ठेवायच्या. आपल्या किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री जमिनीकडून परततो. वास्कोपुरतं बोलायचं तर दुपारचा वारा साधारण बंदराच्या अंगाने शहरात शिरतो, तर रात्रीचा दाबोळी-सांकवाळच्या अंगाने उतरतो. दुपारच्या बशीत कोनदार चमकते कण आणि रात्रीच्या बशीत चिकट काजळी, असं १५ दिवस सलग दिसलं तर तुमच्या घरी दोन वेगळे पाहुणे दोन वेगळ्या वाटांनी येताहेत. वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि त्या दिवशी खाली रस्ता खणत होते का, एवढं लिहा. अशी वही घेऊन गेलात तर कुठल्याही कार्यालयात ‘बघतो’ एवढ्यावर तुमची बोळवण करणं अवघड जाईल.

आणखी एक सांगायला हवं. पट्टीवर बसतं ते जाड. फुप्फुसात खोल जाणारं बारीक पट्टीवर फारसं बसत नाही, हवेतच तरंगत राहतं. पट्टी स्वच्छ राहिली म्हणून हवा स्वच्छ ठरत नाही.

प्रश्न : मी ऑनलाईन एक छोटा एअर क्वालिटी मॉनिटर घेतला. डिसेंबरच्या पहाटे तो पीएम २.५ चा आकडा १५० च्या वर दाखवतो. हे पटतं, कारण धूर दिसतो. पण जुलैत धो धो पाऊस पडत असतानाही ९० दाखवत होता! फोनवरच्या अ‍ॅपमध्ये मात्र दोन्ही वेळा हवा ‘चांगली’. विश्वास कुणावर ठेवू?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : जुलैतला तुमचा ९० हा बहुतांशी पाण्याचा आकडा आहे.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोनपर्यंतचे बारीक कण; मायक्रोन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या छोट्या यंत्रात एक लेझर असतो. कण समोरून गेला की प्रकाश विखुरतो, आणि किती विखुरला त्यावरून यंत्र वजनाचा अंदाज बांधतं. ते प्रत्यक्ष तोलत काहीच नाही. मिठाचा कण हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून थेंब होतो आणि फुगतो. फुगलेला थेंब जास्त प्रकाश विखुरतो. यंत्राला वाटतं, धूळ वाढली. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही चूक पावसाळाभर छळते. प्रयोगशाळेत आम्ही फिल्टर तोलण्याआधी ठरावीक तापमान-आर्द्रतेच्या खोलीत २४ तास ठेवायचो, त्यामागे हेच कारण.

याच यंत्राची दुसरी खोट उलट दिशेची आहे. ०.३ मायक्रोनपेक्षा बारीक कण त्याला जवळजवळ दिसत नाहीत, आणि डिझेलच्या ताज्या काजळीचे बहुतेक कण ०.१ मायक्रोनच्या आसपासचे. शिवाय काजळी प्रकाश विखुरण्यापेक्षा गिळते जास्त. म्हणजे मिठाच्या पाण्याला यंत्र फुगवून सांगतं आणि बसच्या मागच्या काळ्या धुराला कमी लेखतं.

म्हणून ते टाकून देऊ नका. शेजारी पाच-सातशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा आणि दोन्ही आकडे एकत्र लिहा. आर्द्रता हळूहळू चढते, धूर झटकन चढतो. दहा मिनिटांत आकडा दुप्पट झाला आणि अर्ध्या तासात खाली आला, तर जवळ कुणीतरी काहीतरी पेटवलंय. गॅलरीत जाऊन नाकाने खात्री करा. मी आजही आधी नाकाने बघते.

अ‍ॅपचं म्हणाल, तर त्यातला आकडा कुठल्या स्टेशनचा आहे ते शोधा. पुष्कळदा तो उपग्रह आणि गणित यांतून काढलेला अंदाज असतो, तुमच्या पर्वरीत कुणी मोजलेला नसतो. आपल्या देशातला एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, कणांसाठी २४ तासांची सरासरी धरतो, त्यामुळे पहाटेचे दोन वाईट तास दुपारच्या समुद्रवाऱ्यात बुडून जातात. तिसरं, ‘चांगली’ची व्याख्याच ऐसपैस आहे. आपल्या एक्यूआयमध्ये पीएम २.५ घनमीटरला ३० मायक्रोग्रॅमपर्यंत असलं तरी हवा सर्वोत्तम गटात बसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी सुचवलेली पातळी १५ आहे. आपलं २००९ पासूनचं मानक ६०. आणि त्या मानकातल्या १२ प्रदूषकांच्या यादीत काजळीला वेगळी जागा नाही. ती पीएमच्या वजनात विरघळून जाते. माझं सगळं भांडण इथेच आहे, ते पुढच्या एका उत्तरात येईल.

प्रश्न : पाऊस पडला की हवा धुऊन निघते ना? मग आपल्या गोव्याला कशाची चिंता?
— एक वाचक, पणजी

उत्तर : जाड धूळ धुऊन निघते, हे खरं. ताजी काजळी पाण्याला चुकवते, तव्यावरच्या तेलासारखी. दोन-चार दिवस हवेत राहून तिच्यावर सल्फेटचा लेप चढला की मगच थेंब तिला नीट पकडतो. पावसाळ्यात हवा बरी असते त्यात समुद्रावरून येणाऱ्या जोरदार वाऱ्याचा वाटाही मोठा. ऑक्टोबरात वारा पडतो, नरकासुराच्या पहाटे गावोगावी गवत-कागद-फटाके जळतात आणि पुढे मार्चपर्यंत रात्री जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर खालीच कोंडतो. चिंता करायची ती या महिन्यांची.

प्रश्न : मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. प्रोजेक्टसाठी ‘हवेतील काजळीचा स्रोत’ हा विषय घेतला आहे. हवेत काजळी किती ते मोजता येतं हे समजलं, पण ती ट्रकची की लाकडाची हे कसं कळतं? कॉलेजमध्ये साधनं फारशी नाहीत.
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. जरा लांबण लावते.

डिचोलीतल्या एका छपरावर आमचा सॅम्पलर, म्हणजे हवा ओढून फिल्टरवर कण धरणारं यंत्र, होता. तिथले दोन फिल्टर माझ्या अजून डोळ्यांसमोर आहेत. एक मे महिन्यातला, विटकरी लाल. एक जानेवारीतला, काळा कुळकुळीत. चिमट्याने उचलून काट्यावर ठेवले तर मेमधला जड भरला. वहीत मे वाईट, जानेवारी बरा. पण मेमधल्या फिल्टरवर होती लाल रस्त्याची, खनिजाची जाड धूळ आणि जानेवारीतल्या फिल्टरवर होता जाळ. वजनाच्या रकान्यात हे लिहायला जागाच नव्हती. मी शेऱ्याच्या रकान्यात ‘काळा’ असं लिहीत राहिले, वर्षानुवर्षं. त्या रकान्याकडे कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

आपण तोलतो ते किती असतं, याचाही अंदाज घे. पीएम २.५ चा पंप मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, म्हणजे दिवसाला २४ घनमीटर. हवा बरोबर मानकाच्या काठावर, ६० वर असेल तर २४ तासांनी फिल्टरवर साधारण १.४ मिलिग्रॅम जमतं. साखरेचा एक बारीक दाणा. तेवढ्यात मीठ, माती, काजळी, सगळ्यांचा हिशेब लावायचा.

काजळीचा हिशेब रंगावरून लावायची युक्ती अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत टोनी हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी यंत्रात उतरवली. त्यांचा निबंध १९८४ चा. यंत्राचं नाव एथॅलोमीटर, काजळीने काळं करणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. फिल्टरच्या पट्टीवर हवा ओढायची, डाग काळा होत जातो, आरपार जाणारा प्रकाश घटत जातो, आणि त्या घटीवरून काजळी मोजायची. पुढे यात सात रंगांचे दिवे आले, अतिनील ३७० नॅनोमीटरपासून अवरक्त ९५० पर्यंत. खरी गंमत इथे आहे. डिझेलची काजळी सगळे रंग एका साध्या नियमाने गिळते, तरंगलांबी निम्मी केली की शोषण दुप्पट. त्या हिशेबाने ३७० ला ती ८८० च्या सुमारे २.४ पट प्रकाश खाते. लाकडाच्या धुरात काजळीबरोबर तपकिरी, डांबरट पदार्थ असतात. ते अतिनील आणि निळा अधाशासारखे खातात, त्यामुळे तिथे हेच प्रमाण साडेपाच पटीपर्यंत जाऊ शकतं. दोन रंगांत एकच डाग बघायचा आणि वाटणी करायची. चुलीवरच्या पातेल्याचं बूड आठव. गाडीच्या सायलेन्सरमधलं काळं कोरडं असतं, पातेल्याच्या कडेचं तपकिरी आणि चिकट.

ही वाटणी डोळे झाकून मानू नकोस. सुकं लाकूड मोठ्या ज्वाळेने जळलं तर त्याची काजळी डिझेलसारखी दिसू लागते. जळत्या प्लास्टिकने गणित बिघडतं. म्हणून रसायनाची साक्ष काढतात. लाकडातलं सेल्युलोज तापून फुटलं की लेव्होग्लुकोसान नावाची साखर तयार होते. डिझेलच्या धुरातून ती येत नाही. पोटॅशियम हीही लाकडाची खूण. जहाजाच्या जड तेलात व्हॅनेडियम आणि निकेल, ब्रेकच्या धुळीत तांबं आणि अँटिमनी, मातीत सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आली, इंधनं बदलली, त्यामुळे व्हॅनेडियमची खूण आता पूर्वीइतकी ठसठशीत राहिलेली नाही.

सगळ्यांत भक्कम साक्ष कार्बन-१४ ची, म्हणजे कार्बनच्या हळूहळू क्षय पावणाऱ्या प्रकाराची. त्याचं अर्धायुष्य ५७३० वर्षं. काल तोडलेल्या लाकडात तो असतो, कोट्यवधी वर्षांच्या खनिज तेलात आणि कोळशात तो संपलेला असतो. या पद्धतीने केलेलं एक मोठं काम आपल्या घराजवळचं आहे. स्टॉकहोमच्या ओर्यान गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या सिंहगडावर आणि मालदीवच्या एका बेटावर हिवाळ्यातले नमुने घेतले. २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष आला : कणांमधल्या एकूण कार्बनपैकी सुमारे दोन-तृतीयांश लाकूड, गोवऱ्या, पाचोळा असल्या जैविक जळणाचा. खुद्द काजळीचा वाटा मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत. तोवर बहुतेकांचं बोट गाड्यांकडे होतं. मीही त्यांतलीच होते.

तुझ्या प्रोजेक्टला यातलं एकही यंत्र लागणार नाही. प्रयोगशाळेतला निर्वात पंप, व्हॉटमन फिल्टर पेपर, फनेल आणि मोबाईल पुरेत. फिल्टरचा फोटो काढून काळेपणा मोजायची पद्धत वीरभद्रन रामनाथन यांच्या ‘प्रोजेक्ट सूर्य’मध्ये उत्तर प्रदेशातल्या खेड्यात वापरली गेली, त्यावर २०११ मध्ये निबंधही आला. तू असं कर. रोज तीन फिल्टर, चार-चार तासांचे : सकाळी ६ ते १०, दुपारी १२ ते ४, रात्री ८ ते १२. पंपाचा ओढा तिन्ही वेळा सारखा हवा, नाहीतर सगळं फुकट. जागा पहिल्या मजल्यावरची, चूल आणि पार्किंग दोन्हींपासून दूर. प्रत्येक फिल्टरचा फोटो एकाच दिव्याखाली काढ आणि शेजारी पांढऱ्या ते काळ्या छटांची छापील पट्टी ठेव. मग फोटोतला लाल आणि निळा रंग वेगवेगळा वाच. निळ्यात डाग लालपेक्षा फारच गडद दिसला तर तिथे तपकिरी धूर आहे. लाल मातीही निळा खाते, म्हणून रस्त्याच्या कडेचा फिल्टर आणि धुळीच्या दिवसाचा फिल्टर तुलनेत घेऊ नकोस. उदबत्तीच्या धुरावरून वाऱ्याची दिशा लिही. काजूच्या दिवसांत भट्ट्या पेटल्या असतील, तेव्हाचा एक आठवडा जरूर घे. आणि शेऱ्याचा रकाना रोज भर.

प्रश्न : ताई, आमच्या घरामागे पोदेराची (पाववाल्याची) भट्टी आहे. पहाटे तीनला पेटते आणि धूर थेट आमच्या खोलीत येतो. पत्नीला दमा आहे. तक्रार करावी असं मुलगा म्हणतो. मला धीर होत नाही, त्याचे वडील माझ्या वडिलांना पाव द्यायचे. एका भट्टीने असा काय फरक पडतो?
— एक निवृत्त शिक्षक, म्हापसा

उत्तर : शहराच्या सरासरीत फरक पडणार नाही. तुमच्या पत्नीला पडतो. शंभर गाड्यांचा धूर हमरस्त्यावर वाऱ्याने पसरून पातळ होतो, पण दहा मीटरवरच्या भट्टीचा पहाटेचा धूर, वर उबदार हवेचं झाकण असताना, जवळजवळ जसाच्या तसा खिडकीत येतो.

माझ्या आईने ४० वर्षं चुलीवर रांधलं. एकदा छोटा पंप घरी आणून मी चुलीपासून दोन हातांवर तीन तास चालवला. फिल्टर काढला तर आजीच्या काजळाच्या ताटलीसारखा. आई म्हणाली, ‘एवढं सगळं माझ्या पोटात गेलं काय गो?’ गॅसचं सिलिंडर आलं ते तिची धाप सुरू झाल्यावर. म्हणून तुम्हाला थांबा असं मी म्हणणार नाही.

पण आधी बघा धूर केव्हा येतो. भट्टी सतत धुरत नसते. पहिला अर्धा-पाऊण तास, गार विटा तापेपर्यंत, सगळ्यांत वाईट. लाकूड ओलं असेल तर तो वेळ लांबतो, कारण आधी पाणी उडवायला उष्णता जाते आणि ज्वाळा धडपणे लागत नाही. आठ दिवस वेळ टिपा. मग पोदेराकडे जा आणि तीन गोष्टी सांगा : लाकूड सहा महिने छपराखाली, वारा खेळेल असं रचून वाळवायचं, पेटवताना सुकी करवंटी आणि बारीक फाटी घालून ज्वाळा लवकर मोठी करायची, पॅकिंगचा कागद-प्लास्टिक अजिबात नाही. धुरांडं तुमच्या छपराच्या पन्हाळीच्या वर दोन मीटर चढवायला हवं. त्या खर्चात तुम्ही निम्मा वाटा उचलायची तयारी दाखवलीत तर तो नाही म्हणणार नाही असं मला वाटतं. सुकं लाकूड त्यालाही कमी लागेल. पत्नीची झोपायची खोली तोवर भट्टीच्या उलट बाजूला हलवा आणि पहाटे तीन ते पाच मागची खिडकी बंद ठेवा. हे आजपासून करा.

सकाळी जाऊ नका, तेव्हा तो सायकलवर फेरीला असतो आणि आल्यावर झोपतो. दुपारी तीनच्या सुमारास, संध्याकाळच्या पावासाठी पीठ मळायला घेतो तेव्हा गाठा. मुलालाही बरोबर न्या.